कनवटीला लावलेलं

ह्यूस्टनला भाच्याच्या घरी पोचलो, तेव्हा त्याने मला मिठी मारली ती एका अंगाने. डावा खांदा पुढे, उजवी बाजू मागे. आईलाही तशीच. ताई काही बोलली नाही; पण पोराला आता आईची मिठीही अवघड वाटू लागली, हे तिच्या मनात आलेलं मला जेवताना तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

खरा प्रकार मला तिसऱ्या दिवशी कळला. वाकून बुटाचे बंद बांधताना भाच्याचा शर्ट वर सरकला आणि उजव्या कमरेवर, जरा मागच्या बाजूला, पिस्तुलाची काळी मूठ दिसली. ‘‘आईला सांगू नकोस, मामा,’’ एवढंच तो म्हणाला.

त्याचं पेट्रोल पंपाला लागून दुकान आहे. रात्री गल्ला मोजून बँकेच्या बाहेरच्या पेटीत टाकायला तो एकटाच जातो. 2022 साली एका रात्री एक गाडी दुकानापासून बँकेपर्यंत त्याच्या मागोमाग आली. घडलं काहीच नाही. गाडी सरळ निघून गेली. पण दुसऱ्या आठवड्यात याने पिस्तूल घेतलं. टेक्साससारख्या राज्यात एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला ते कमरेला लावून फिरायला 1 सप्टेंबर 2021 पासून परवानाही लागत नाही. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या परवान्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणारे खातेदार मी पाहिलेले. त्यात, गिऱ्हाइकाने बँकेत पिस्तूल आणू नये असा तिथे देशभराचा कायदा नाही, हे ऐकून तर माझ्यातला निवृत्त बँक अधिकारी हबकलाच. आमच्या शाखेत बंदूक एकच, बारा बोअरची. ती दारातल्या माजी सैनिकाच्या खांद्यावर, साऱ्या गावाला दिसेल अशी. दिसणं हेच तिचं काम.

भाच्याची मात्र लपवलेली होती. निदान त्याची तशी समजूत होती. प्रत्यक्षात दर पाच मिनिटांनी तो पँट वर ओढायचा, शर्ट खाली ओढायचा, कोपराने कमर चाचपायचा. संध्याकाळी कंबर धरून बसायचा. ताई त्याला तीळतेल लावू का विचारायची.

आणि मला 1985 साल आठवलं. उसाच्या बिलांचे दिवस, शाखेत रोकड संपलेली, जीप नादुरुस्त. नियम गुंडाळून ठेवून मी आणि आमचे म्हातारे कॅशियर तालुक्याच्या शाखेतून दीड लाख रुपये घेऊन एस. टी.त बसलो. शंभराच्या नोटांच्या पंधरा गड्ड्या, म्हणजे दीड किलोच्या आसपास वजन. मांजरपाटाच्या, खण शिवलेल्या कशात भरून मी ते सदऱ्याखाली बांधलेले. आज कसा हा शब्दही किती जणांना कळेल कोण जाणे! पहिल्याच थांब्यावर कॅशियरनी मला खाली उतरवलं आणि स्टँडमागे नेलं. म्हणाले, ‘‘साहेब, चोराला पैसे दिसत नाहीत, तुमचा हात दिसतोय.’’ सगळ्या गड्ड्या मी पोटावर घेतल्या होत्या. त्यांनी त्या कमरेभोवती सारख्या वाटल्या, कसा पोटावरून काढून कमरेच्या हाडावर टेकवला, गाठ बाजूला घेतली आणि असा आवळला की काही सरकेना. पुढच्या प्रवासात मला डुलकी लागली.

तेव्हा पिस्तुलाबद्दल मला काय वाटतं ते बाजूला ठेवून मी भाच्याला म्हणालो, ‘‘तुझा पट्टा चुकलाय.’’ मॉलमधला पातळ, ऑफिसला घालायचा पट्टा तो. त्याचं पिस्तूल रिकामं सहाशे ग्रॅमच्या घरातलं, पंधरा गोळ्या भरल्या की साडेआठशे ग्रॅम. एवढा भार एकाच बाजूला लटकला की पट्टा तिथे खाली लोंबतो, मूठ अंगापासून बाहेर कलते आणि शर्टावर तिचा उंचवटा उठतो. याला तिथली मंडळी ‘प्रिंटिंग’ म्हणतात. छापखान्याशी इतकी वर्षं संबंध असलेल्या मला हा शब्द फारच आवडला.

शनिवारी आम्ही चामड्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने भाच्याचा पट्टा हातात धरून पंचा पिळावा तसा पिळला आणि न बोलता बाजूला ठेवला. मग आपला काढला. दीड इंच रुंद, चामड्याचे दोन थर एकमेकांना चिकटवून कडेने शिवलेले, जाडी पाव इंचाच्या जवळपास. कमरेभोवती तो गोल वळत होता. पण टेबलावर काठ टेकवून वरून दाबला तर वाकत नव्हता. सगळं मर्म तिथेच आहे. पट्टा उभ्या अंगाने ताठ राहिला की भार एका जागी न लोंबता कमरेच्या हाडांवर वाटला जातो. काही पट्ट्यांत दोन थरांमध्ये पोलादाची किंवा प्लास्टिकची पट्टी असते. जाड नायलॉनचेही असतात. त्यांना भोकं नसतात, खटक्याने बोटभर सैल-घट्ट करता येतात आणि पोटभर जेवल्यावर ती सोय मोठी. रुंदी दीड इंचाहून जास्त घेण्यात अर्थ नाही, कारण पँटच्या लुपांतून तो गेला पाहिजे. पिस्तुलाच्या म्यानाची पकड पट्ट्याच्या जाडीला बसते का, हेही पाहायचं, नाहीतर म्यान हलत राहतं.

माप घ्यायची रीत आणखी वेगळी. पँटचा आकडा सांगून चालत नाही. रिकामं पिस्तूल म्यानात घालून कमरेला लावायचं आणि मग टेप फिरवायची. म्यान पँटच्या आत खोचायचं असेल तर पँटच दोन इंच मोठी हवी. म्हाताऱ्याने भाच्याला खुर्चीवर बसवलं, उठवलं, गाडीत बसल्यासारखं वळायला लावलं. माझ्या आईने माझ्या मुंजीच्या वेळी सुद्धा शिंप्याकडून एवढी खातरजमा करून घेतली नव्हती.

किंमत ऐकून मी मनातल्या मनात तिचे रुपये केले आणि गप्प बसलो.

नवा पट्टा घालून भाचा बाहेर पडला तेव्हा चाल बदललेली होती. पँट वर ओढणं थांबलं. चार दिवसांनी तर तो म्हणाला, ‘‘मामा, आहे हे लक्षातच राहत नाही.’’ मला बरं वाटायला हवं होतं. कंबर दुखायची तोवर तो रोज संध्याकाळी पिस्तूल काढून ठेवताना हुश्श करायचा. एकदोनदा तर विकून टाकतो म्हणालाही होता. ते दुखणंही मीच घालवलं.

रविवारी देवळात गेलो. तिथल्या दारावर 30.06 आणि 30.07 अशा कलमांच्या मोठ्या अक्षरांतल्या पाट्या होत्या. जागेच्या मालकाने अशी पाटी लावली की परवानाधारकालाही पिस्तूल लपवून किंवा उघड, आत नेता येत नाही. भाचा परत गाडीकडे गेला, पिस्तूल कुलपाच्या पेटीत ठेवून आला. ‘‘काय विसरला होतास?’’ ताईने विचारलं. ‘‘फोन,’’ तो म्हणाला.

आरतीला आम्ही मांडी घालून बसलो. ताठ पट्टा त्याच्या पोटात रुतत असावा. तो सारखा सरळ होत होता. आरती संपत आली तसा त्याचा उजवा हात आपोआप कमरेमागे गेला, तिथे काही सापडलं नाही, क्षणभर थांबला आणि पुन्हा चाचपू लागला.

ताई पाहत होती. वाकून हळूच म्हणाली, ‘‘अजून दुखतंय का रे?’’