फुलराणीला ‘ताई’ कोण म्हणणार?

‘ती फुलराणी’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते भक्ती बर्वे. पु. ल. देशपांडे यांचं हे नाटक १९७५ साली रंगभूमीवर आलं. भक्तीताई २००१ मध्ये अपघातात गेल्या, पण मंजूचं ते स्वगत आजही गॅदरिंगमध्ये एखादी तरी मुलगी करतेच.

या मंजूची थोरली बहीण मात्र लंडनची. आयरिश नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’मधली (१९१३) एलायझा. रस्त्यावर फुलं विकणाऱ्या या पोरीला उच्चार शिकवून सरदार घराण्यातली बाई म्हणून मिरवण्याची पैज एक प्रोफेसर मारतो.

शॉ यांचा जन्म १८५६चा, डब्लिनमधला. वडील दारूच्या आहारी गेलेले. पंधराव्या वर्षी कारकुनी, विसाव्या वर्षी लंडन. चारचौघांत बोलायची इतकी धास्ती, की ती घालवण्यासाठी हा माणूस मुद्दाम सभांमध्ये उभा राहू लागला. मग कोपऱ्याकोपऱ्यावर भाषणं! पहिल्याच नाटकात (१८९२) गरिबांच्या खोल्यांचं भाडं खाणाऱ्या प्रतिष्ठितांचे वाभाडे काढले, तेही हसवत हसवत. १९२५चं नोबेल मिळालं, तर त्याचे पैसे स्वीडिश पुस्तकांच्या भाषांतराला दिले.

‘पिग्मॅलियन’मधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट उच्चारांची नाहीच. एलायझाला स्वतःची किंमत कळते ती प्रोफेसरच्या धड्यांमुळे नाही, तर त्याच्या मित्राने, कर्नल पिकरिंगने, पहिल्याच दिवशी तिला ‘मिस डूलिटल’ म्हटलं म्हणून.

आता आपल्या डहाणूचा बाजार बघा. पावसाच्या तोंडावर पाड्यांवरच्या वारली बायका शेवळं घेऊन बसतात. आपल्याच वयाच्या, क्वचित आईच्या वयाच्या. आपण काय म्हणतो? ‘ए बाई, कशी दिली गं?’ आणि शेजारच्या दुकानात त्याच तोंडाने ‘भाऊ, जरा दाखवता का?’ तलासरीकडच्या आमच्या बचत गटातली एक जण पाड्यावर भांडण मिटवायला उभी राहिली की दहा पुरुष गप्प बसतात. पण एका बँकेत पासबुक भरायला गेली, तिच्या बोलण्यावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि पुढचे दोन महिने ती तिकडे फिरकलीच नाही. हप्ता थकला तो वेगळाच.

‘शुद्ध बोलायला शिकवा त्यांना’ असं मला सांगणाऱ्या कितीतरी जणी भेटतात. शिकावंच, नोकरीला लागतं. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आल्या, तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच अंगणात नेली, गुरं चारायला जाणाऱ्यांसाठी कुरणात नेली. आधी आपण चालून जायचं, मग शिकवायचं.

प्रेक्षकांना वाटे, शेवटी एलायझाने त्या प्रोफेसरशी लग्न करावं. शॉ हटून बसले, नाही म्हणजे नाही! पुढे वेगळं टिपण लिहून त्यांनी तिला साध्याशा फ्रेडीशी लग्न लावून फुलांचं दुकान काढून दिलं. ही गोष्ट गटात सांगितली, तर पहिला प्रश्न आला, ‘दुकान चाललं का?’ सांगितलं, आधी तोट्यातच होतं, कर्नलसाहेब पैसे पुरवायचे. नवरा-बायकोला हिशेब शिकायला वर्गाला जावं लागलं. बायका खो खो हसल्या, आणि गटाची वही पुढे ओढून त्या महिन्याची वर्गणी मोजायला बसल्या.