कमान, कमठा आणि लाकडाचा शेक

जालना शहराच्या पूर्वेस असलेला मस्तगड आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ मध्ये बांधविला. त्याच्या उभारणीचा काल फार्सी शिलालेखात कोरला गेला, हे त्या काळाच्या राज्यव्यवहारास धरूनच होते. त्याच राज्यव्यवहाराबरोबर मराठीत स्थिरावलेल्या शब्दांपैकी ‘कमान’ हा एक होय. फार्सीत कमान म्हणजे मूलतः धनुष्य. मराठीने त्याचे तीन अर्थ केले: दरवाजावरील वक्र बांधणी, घड्याळातील वा गाडीतील लवचीक पट्टी, आणि धनुष्य. यांपैकी तिसरा, म्हणजे मूळचा, अर्थ आज जवळजवळ लोपला आहे. पहिल्या अर्थाने धनुष्याचा केवळ आकार घेतला, दुसऱ्याने केवळ गुण घेतला. दगडी कमान वाकलेली असते, परंतु लवत नाही. घड्याळाची कमान लवते आणि परत येते. धनुष्यात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात, आणि त्यांतील भेद ज्याला कळला त्यालाच धनुष्य शेकून सुधारता येते.

लाकूड ओढले असता जो बाक येतो तो दोरी सोडताच जातो. हा लवचीक बाक. वापराने अथवा वाळताना जो बाक किंवा पीळ राहून जातो तो कायमचा. उष्णतेचे कार्य एवढेच, की पहिल्या प्रकारचा बाक कारागिराच्या इच्छेनुसार दुसऱ्या प्रकारात रूपांतरित करणे. लाकडातील तंतू लिग्निन नामक द्रव्याने परस्परांशी बांधलेले असतात. ओलावा असताना, पाणी उकळण्याच्या सुमाराच्या उष्णतेस हे द्रव्य मऊ पडते, तंतू एकमेकांवरून किंचित सरकतात, आणि त्याच स्थितीत लाकूड थंड झाले की नवा आकार पक्का होतो. वाफ देताना पंचवीस मिलिमीटर जाडीस सुमारे एक तास, असा सुतारकामातील ढोबळ हिशेब आहे. मात्र मऊ झालेले लाकूड दोन्ही बाजूंनी सारखे वागत नाही. दाबले असता ते लांबीच्या पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत आक्रसू शकते. ताणले असता एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. म्हणून वाकविताना तडा जातो तो बहुधा बाहेरच्या अंगास.

धनुष्याच्या लक्ष्याकडील अंगास येथे पाठ आणि धनुर्धराकडील अंगास पोट म्हटले आहे. ओढ घेताना पाठ ताणली जाते व पोट दाबले जाते. साहजिकच कोरडा शेक पोटास द्यावयाचा, पाठीस नव्हे. अशा शेकाने पोटातील ओलावा उडून ते कठीण होते व दाबास अधिक टिकते. पाठ मात्र कोरडी झाली की ठिसूळ होते. मराठीत शेकणे, भाजणे आणि करपणे अशी तीन निराळी क्रियापदे आहेत, हे येथे उपयोगी पडते. पोट तांबूस होईपर्यंत शेकणारे कारागीर आहेत. काळे पडले की तंतू जळाले. बांबूच्या बाबतीत आणखी एक विचार असतो. त्याचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात, म्हणून साल पाठीकडे ठेवून घडविलेल्या कमठ्यात जे तासावयाचे ते आतल्या अंगाने.

सातपुड्यातील भिल्लांचा कमठा बांबूचाच, आणि पुष्कळदा त्याची दोरीही बांबूच्या चिवट सालीची पट्टी असते. ‘भिल्ल’ हे नावच द्राविडी ‘विल्’, कानडी ‘बिल्लु’, म्हणजे धनुष्य, यावरून आले असे मत प्रसिद्ध आहे. ‘कमठ’ या संस्कृत शब्दास कोशांत कासव आणि बांबू असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. तिरकमठ्यातील कमठ्याचा संबंध बांबूशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते, जरी कासवाच्या पाठीची उपमा अधिक मोहक असली तरी.

ग्रंथांतरी पाहिले तर विशेष आढळते. कौटिलीय अर्थशास्त्रात ताल, चाप नावाचा बांबू, लाकूड आणि शिंग यांची धनुष्ये सांगितली असून मूर्वा, रुई, ताग, बांबू व स्नायू इत्यादींच्या दोऱ्याही दिल्या आहेत. अमरकोशात मधल्या मुठीस लस्तक, टोकास अटनी. परंतु हे सारे शब्द धनुष्य वापरणाऱ्याचे अथवा ते कोठारात ठेवणाऱ्याचे आहेत, घडविणाऱ्याचे नव्हेत. शेकाचे स्पष्ट वर्णन मिळते ते धनुष्याच्या नव्हे, बाणाच्या संदर्भात, आणि तेही दृष्टान्त म्हणून. मज्झिमनिकायातील देवदहसुत्तात बाण करणारा दोन कोलत्यांमध्ये बाणाची काडी तापवून ती सरळ व कामाजोगी करतो. दृष्टान्ताचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा: काडी एकदा सरळ झाली की तो ती पुन्हा तापवीत नाही. हाच बाण करणारा भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये येतो, आणि पैठणच्या एकनाथांनी १५७३ मध्ये काशीस पूर्ण केलेल्या टीकेमुळे मराठी वाचकास परिचित झाला. तेथे मात्र त्याची एकाग्रता उरली, कोलत्या गेल्या.

पीळ काढल्यानंतर दोन्ही बाहू सारखे लवतात की नाही हे पाहावे लागते. ज्या ठिकाणी धनुष्य अधिक लवते तेथे कानस लावावयाची नसते. बाकीचा ताठ भाग तासून त्याच्या बरोबरीस आणावयाचा असतो. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताठपणा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. घाईने मारलेले चार हात धनुष्य मुलांच्या खेळण्याच्या योग्यतेचे करून टाकतात.

शिंग, लाकूड व स्नायू सरसाने जोडलेल्या धनुष्यास हा विधी लागू नाही. त्यास वाफ दिली तर सरसच सुटतो. कमानगर त्यास फक्त मंद ऊब देऊन आकार सुधारीत असे. पावसाळी हवेत अशी धनुष्ये बिघडत, आणि हिंदुस्थानात पोलादी धनुष्ये घडविली गेली त्यामागे साठवणुकीची ही अडचण होती.

संग्रहालयातील जुन्या धनुष्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. त्याचा पीळ हा दोष नसून पुरावा असू शकतो: कोणते लाकूड, किती ओले असताना तासले, कोणत्या हाताने वापरले. ते शेकून सरळ करणारा हा लेख स्वहस्ते पुसतो, आणि शेकलेले लाकूड पूर्वस्थितीस येत नाही. तेव्हा अशा वस्तूस उष्णता न लावणेच उचित. नव्याने केलेल्या धनुष्यास मात्र शेकल्यानंतर काही दिवस सावलीत आडवे ठेवावे, म्हणजे हवेतील ओलावा त्यात परत मुरतो. तोवर दोरी चढविल्यास पाठ फुटते.