बंद पडलेली मोटार: करंट की पेट्रोल?

जुनी मोटार रस्त्यात बंद पडली म्हणजे पाच मिनिटांत तिच्याभोवती दहा माणसे जमतात, आणि प्रत्येकाजवळ निदान तयार असते. कोणी म्हणतो कॉईल गेली, कोणी म्हणतो कचरा आला. एखादे वयस्क गृहस्थ मात्र मालकाला हळूच विचारतात, "पेट्रोल तर आहे ना?" या सर्वांत शहाणे तेच होत. ते काही बदलायला सांगत नाहीत, आधी विचारतात.

मी इंजिनियर नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली आणि हिंगोलीतल्या एका गॅरेजात पाने पुसायचे काम मिळाले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. पुढे मोटार कामगारांच्या संघटनेत पडलो, तेव्हा हातातला पाना सुटला आणि पावतीपुस्तक आले. पण वस्तादांनी शिकवलेले आणि रद्दीतल्या पुस्तकांतून जमवलेले विसरलो नाही. आज बोलतो आहे ते अँबॅसडर, फियाट, प्रीमियर पद्मिनी अशा गाड्यांविषयी. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसडर निघायची ती २०१४ साली थांबली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून गेली. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हटले आहे आणि तिच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. आपल्या गावातही अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली असते, आणि वरातीच्या दिवशी हमखास रुसते.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, ते दाबले जाणे, आणि नेमक्या क्षणी ठिणगी. दाब एकाएकी जाणे विरळा. अंगठ्या आणि व्हॉल्व्ह हळूहळू झिजतात व आधी सूचना देतात. म्हणून चालती गाडी अचानक थांबली तर प्रश्न दोनच उरतात. करंट नाही, की पेट्रोल नाही? याचे उत्तर मिळेपर्यंत एकही स्क्रू सोडवू नये, असा आमच्या वस्तादांचा दंडक होता.

प्रथम करंट पाहू. बॅटरी १२ व्होल्टची, आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. ते काम कॉईल करते. पॉइंट मिटलेले असताना तिच्या जाड तारेच्या वेढ्यांतून वीज वाहते व चुंबकत्व साठते; पॉइंट उघडले की ते एकदम कोसळते आणि बारीक तारेच्या वेढ्यांत प्रचंड दाब निर्माण होतो. हा दाब कोणत्या प्लगला द्यायचा ते डिस्ट्रिब्यूटरमधला रोटर ठरवतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चार सिलिंडरांच्या इंजिनात हे सेकंदाला शंभर वेळा घडते. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी उडून ते जळू नयेत आणि चुंबकत्व झटकन कोसळावे म्हणून कंडेन्सर असतो.

गॅरेजात डिस्ट्रिब्यूटरला 'डेल्को' म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या डेटन गावच्या एका कंपनीच्या आद्याक्षरांचे आहे, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत विजेचा सेल्फ आणणारा चार्ल्स केटरिंग तिचा एक संस्थापक. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला आपण 'एसी पंप' म्हणतो, तेही अल्बर्ट चँपियन या माणसाच्या नावावरून. माझी निम्मी हयात हे शब्द उच्चारण्यात गेली, अर्थ मात्र चाळिशीनंतर कळला.

तपासणी सोपी आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणातली मधली जाड वायर काढावी, कोरड्या लाकडी चिमट्याने इंजिनाच्या लोखंडापासून अर्ध्या सेंटिमीटरवर धरावी आणि दुसऱ्याने सेल्फ मारावा. (जवळ पेट्रोल सांडलेले नसावे, इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीवर हा प्रयोग करू नये.) निळी, टणक आवाजाची ठिणगी आली तर कॉईल, पॉइंट, कंडेन्सर निर्दोष, पुढे रोटर, झाकण, प्लग पाहावेत. पिवळी, मलूल ठिणगी आली तर पॉइंट किंवा कंडेन्सरवर संशय घ्यावा. मुळीच आली नाही तर एका लहान बल्बाची एक तार कॉईलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील टोकाला आणि दुसरी लोखंडाला लावून सेल्फ मारावा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट उघडमीट करताहेत. पेटलेलाच राहिला तर ते मिटत नाहीत. पेटलाच नाही तर कॉईलपर्यंत वीज पोचत नसेल, पॉइंट उघडत नसतील, किंवा पॉइंटांकडची वायर लोखंडाला लागली असेल. एवढ्याशा बल्बाने एवढे सांगितल्यावर अंदाजाचे कारण काय?

पेट्रोलची परीक्षा याहून सोपी. कार्बोरेटरकडे येणारा पाइप सोडवून बाटलीत धरावा, वायर काढलेलीच ठेवून सेल्फ मारावा. पिचकारीसारखे ठोके येत असतील तर पंप ठीक. येत नसतील तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले म्हणजे टाकीत पोकळी होते, गाडी काही मैल धावून थांबते, आणि झाकण उघडताना 'फुस्स' असा आवाज येतो. पंपातला पडदा रबरी कापडाचा असतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्याने फुगते, चिरते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, म्हणून वर्षभर उभ्या गाडीच्या टाकीतले जुने पेट्रोल काढूनच टाकावे.

आता माझी फजिती सांगतो. संघटनेने वर्गणी करून एक जुनी पद्मिनी घेतली होती. मे महिन्यात नांदेडला अकरा कामगारांच्या थकलेल्या पगाराची सुनावणी होती आणि कागदपत्रे माझ्याजवळ. कळमनुरी मागे टाकून आखाडा बाळापूरच्या अलीकडे भर दुपारी गाडी बंद पडली. मी जुना फिटर! "कॉईल तापली, बदला," असे फर्मान सोडले. एकाला येणाऱ्या ट्रकवर बसवून बाळापूरला धाडले. तासाने कॉईल आली, बसवली, गाडी चालू! मी मिशीवर ताव दिला. दहा किलोमीटरवर पुन्हा तोच प्रकार. पोचलो तेव्हा चार वाजले होते. पुढची तारीख दोन महिन्यांनी पडली. त्या अकरांपैकी एकाच्या मुलीचे लग्न त्या दोन महिन्यांत होते. त्याने सावकाराकडून पैसे काढले. मला तो काही बोलला नाही.

दोष कॉईलचा नव्हताच. पेट्रोलचा पाइप धरणारी क्लिप कोणीतरी पूर्वी परत बसवली नव्हती. पाइप सायलेन्सरच्या तापलेल्या मॅनिफोल्डला टेकत होता, आत पेट्रोलची वाफ धरत होती, आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. तासभर उभी राहिल्यामुळे गाडी थंड झाली आणि श्रेय मिळाले नव्या कॉईलला. तापल्यावर बंद पडणारी गाडी कॉईलमुळेही पडते, कंडेन्सरमुळेही आणि वाफेमुळेही. थंड झाल्यावर तिन्ही रोग आपोआप बरे होतात. मग काहीही बदला, गुण येतोच! म्हणून गाडी थांबल्याथांबल्या, गरम असतानाच, वर सांगितलेली ठिणगी पाहावी. बाटलीची परीक्षा मात्र त्या वेळी करू नये. तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोल सांडले तर आग लागेल. निळी ठिणगी असेल तर पंपावर व पाइपवर ओले फडके ठेवावे. पाच-दहा मिनिटांत गाडी निघाली तर चोर सापडला.

दुसरा फसवा दोष अर्थिंगचा. सेल्फ 'टक्' करून थांबतो, दिवे मंदावतात, आणि लोक नवी बॅटरी आणतात. बॅटरीची एक तार बॉडीला आणि इंजिनालाही एक पट्टी बॉडीशी जोडते. त्या जागी गंज चढला की वाट अडते. घासून घट्ट करावे, मग बॅटरीचा विचार. पावसाळ्यात सकाळी सुरू न होणाऱ्या गाडीचे डिस्ट्रिब्यूटरचे झाकण आतून पुसून पाहावे; दमटपणाने किंवा केसासारख्या तड्याने करंट भलतीकडे पळतो.

एक गोष्ट मालकमंडळींना सांगायची आहे, मग रागवा. क्लिप नसल्याचे दहा मिनिटांत ओळखणाऱ्या फिटरला आपण "काय केलेस? एक स्क्रू तर आवळलास!" म्हणून पन्नास रुपये देतो. अंदाजाने कॉईल, बॅटरी, पंप बदलणाऱ्याला हजारो रुपये मुकाट्याने मोजतो, कारण जुने सामान तो पिशवीत घालून दाखवतो. मग पोरगे कोणती विद्या शिकेल? आमच्या संघटनेच्या बैठकीत मी ठराव मांडला होता की दोष शोधण्याची मजुरी बिलावर वेगळी लिहावी, सामान बदललेले असो वा नसो. तो मंजूर झाला. काही गॅरेजांनी पाटी लावली, आणि आठवड्यात दोघांनी उतरवली. गिऱ्हाइके शेजारच्या गॅरेजात जाऊ लागली होती. एकाची पाटी मात्र अजून आहे. त्याच्याकडे बल्ब, दोन तारा आणि एक वही आहे. वहीत कोणती गाडी, किती तापल्यावर, कोणत्या रंगाची ठिणगी, हे सारे तो लिहितो. आमच्या पद्मिनीची ती क्लिपही त्यानेच बसवली.