पाठांतराआधी खेळ

नाशिकच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात बालनाट्य स्पर्धा बघताना मला सर्वांत भावतात ती वाक्य विसरूनही न गोंधळणारी मुलं. ही तयारी उत्स्फूर्त नाट्यखेळांतून होते.

'आरसा' खेळ घ्या. दोघं समोरासमोर, एकाची हालचाल दुसऱ्याने तशीच्या तशी करायची. लक्ष समोरच्यावर गेलं, की 'सगळे मलाच बघताहेत' ही भीती विरते. शिकागोत व्हायोला स्पोलिन यांनी मुलांना शिकवताना असेच खेळ घडवले. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६३ साली आलं. आपल्या तमाशातली बतावणी तर कितीतरी आधीपासून आयत्या वेळच्या हजरजबाबीपणावर रंगते!

लाजऱ्या मुलाला लगेच संवाद देऊ नका. ओढणी द्या. तिचा साप, फेटा, गोदावरीचा पूर, जे सुचेल ते करू द्या, आणि मध्ये अजिबात टोकू नका.