बोलक्या पाणबुड्या

पाणबुडी हे मूलतः मौनाचे शस्त्र. पाण्याखाली दडून राहावे, सावजाची चाहूल घ्यावी आणि घाव घालून नाहीसे व्हावे, हाच तिचा धर्म. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने अटलांटिक महासागरात या मुक्या शस्त्राला बोलके केले. हे बोलणे ज्यांच्या बोटांवर आणि कानांवर सोपविले होते, त्या बिनतारी यंत्रचालकांची आठवण क्वचितच काढली जाते. प्रीन, क्रेत्श्मर या कप्तानांची नावे मात्र त्या काळी जर्मनीत घरोघरी पोहोचली होती.

पाणबुडीदलाचे प्रमुख डोनिट्झ यांची योजना अशी होती की, ब्रिटिश व्यापारी जहाजांचा तांडा ज्या पाणबुडीला प्रथम दिसेल तिने लगेच हल्ला न करता मुख्यालयाला कळवावे व तांड्याचा माग काढीत राहावे. मुख्यालयाने इतर पाणबुड्या तेथे एकवटाव्या आणि रात्री सर्वांनी मिळून तुटून पडावे. साहजिकच फ्रान्सच्या किनाऱ्यावरील मुख्यालयाला ठावठिकाणा, उरलेले तेल, शिल्लक टॉर्पेडो, हवामान, सारेच हवे असे. केंद्रीय नियोजनाला माहितीची भूक असतेच. तिची किंमत मात्र माहिती मागणाऱ्याला मोजावी लागत नाही.

सुमारे पंचेचाळीस ते पन्नास माणसांच्या पाणबुडीत बिनतारीचे काम करणारे बहुधा चौघे. त्यांची चिंचोळी खोली कप्तानाच्या पडद्याआडच्या बिछान्यासमोरच असे. फ्लेन्सबुर्गजवळच्या म्यूर्विक येथील नौदलाच्या शाळेत ते मोर्स लिपी, यंत्रांची दुरुस्ती व गूढलेखन शिकत. तारकचेरीतल्या तारमास्तराला निसटलेला शब्द पलीकडून पुन्हा मागविता येत असे. येथे ती सोय नव्हती, कारण विचारणे म्हणजे बोलणे, आणि बोलणे म्हणजे आपली जागा दाखविणे. म्हणून मुख्यालय आपल्या संदेशांना अनुक्रमांक देई व ते ठरावीक वेळी पुन्हा प्रसारित करी. पाणबुडी खोल गेली की बिनतारी बंद पडे. मग हाच माणूस पाण्यातील आवाज टिपणारे श्रवणयंत्र कानाला लावून विनाशिकेच्या पंख्याची घरघर किती जवळ आली ते हलक्या आवाजात सांगत राही. डॉक्टर नसला, आणि तो बहुतेकदा नसेच, तर जखमा बांधण्याचे कामही यांच्यातल्याच एकाकडे असे. ग्रामोफोनच्या तबकड्याही तेच लावीत.

संदेश लहान असेल तर शत्रूला त्याची दिशा सापडणार नाही, असा जर्मन तज्ज्ञांचा भरवसा होता. त्यासाठी नेहमीची वाक्ये चार-दोन अक्षरांत बसविणारी सांकेतिक पुस्तके तयार केली होती. ती पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापलेली असत. पण ब्रिटिशांनी तांड्याच्या रक्षक जहाजांवर बसविलेली दिशाशोधक यंत्रे काही सेकंदांच्या संदेशाचीही दिशा पडद्यावर दाखवू लागली.

दुसरी गोष्ट याहून विदारक आहे. १ फेब्रुवारी १९४२ पासून अटलांटिकमधील पाणबुड्यांच्या एनिग्मा यंत्रात चौथे चक्र आले आणि ब्रिटिश तज्ज्ञ सुमारे दहा महिने अंधारात चाचपडत राहिले. ३० ऑक्टोबर १९४२ रोजी इजिप्तच्या किनाऱ्यासमोर यू-५५९ ही पाणबुडी बुडत असताना ब्रिटिश नौसैनिकांनी तिच्यातील कागदपत्रे बाहेर काढली. त्यांपैकी दोघे तिच्यासह बुडाले. त्या कागदांत हवामानाच्या छोट्या संदेशांचे पुस्तक होते. हे संदेश गूढ करताना चौथे चक्र निष्क्रिय ठेवीत, म्हणजे यंत्र जुन्याच रीतीने चाले. त्या फटीतून डिसेंबरमध्ये सारे कुलूप उघडले. पावसावाऱ्याची क्षुल्लक बातमी सर्वांत महाग पडली, आणि ती धाडणाऱ्याच्या कसबात तर कसलीच उणीव नव्हती. जर्मन नौदलाने वेळोवेळी चौकशी केली. प्रत्येक वेळी निष्कर्ष एकच निघाला, की यंत्र अभेद्य आहे. दोष हेरांवर किंवा रडारवर ढकलला गेला.

पाणबुडीदलात गेलेल्या सुमारे चाळीस हजारांपैकी अठ्ठावीस हजारांहून अधिक परतले नाहीत. एनिग्मा फुटल्याचे गुपित ब्रिटिशांनी युद्धानंतरही जवळजवळ तीस वर्षे पाळले. १९७४ साली विंटरबॉथम यांच्या पुस्तकाने ते जगजाहीर झाले, तेव्हा वाचलेल्या यंत्रचालकांनी पन्नाशी ओलांडली होती. आपण प्राणापलीकडे जपलेली अक्षरे शत्रू टेबलावर मांडून वाचीत होता, हे त्यांतील बहुतेकांना तेव्हा प्रथमच कळले.