कॅमेऱ्याला माणूस कळतो, चोर नाही

पनवेलजवळच्या नेऱ्यातलं फार्महाऊस असो की कळंबोलीच्या लोखंड बाजारातलं गोदाम, 'एआय कॅमेरा' आता कुठेही बसवून मिळतो. घेणाऱ्याची समजूत अशी, की चोर आला की कॅमेरा त्याला ओळखणार. तसं नाही. समोरचा आकार माणसाचा, कुत्र्याचा की गाडीचा, एवढाच अंदाज हे सॉफ्टवेअर बांधतं. घुसखोर कोण, हे आपण ठरवून द्यायचं असतं: चित्रात कुंपणालगत रेघ आखायची, रात्री 11 ते सकाळी 6 अशी वेळ लावायची. त्या वेळात कुणी रेघ ओलांडली की सायरन. रात्रपाळीहून परतलेला घरचा मुलगा असला तरी तो वाजणारच. चेहरा ओळखणं हे वेगळं काम आहे.

'साधा मोशनवाला कॅमेराही हेच करतो' हेही खरं नाही. तो फक्त लागोपाठच्या चित्रांत काय बदललं ते पाहतो. आपल्याकडच्या पावसात त्याची परीक्षाच असते. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यात लेन्ससमोरचे थेंब चमकतात, उजेडाला किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो. त्याचं जाळं वाऱ्यावर हललं, की चित्रभर पांढरे पट्टे नाचतात आणि अलार्म वाजतो. असं रोज झालं, की वैतागून लोक तो बंदच करून टाकतात, आणि धोका तिथेच आहे. माणूस ओळखणारं सॉफ्टवेअर यातल्या बऱ्याच खोट्या घंटा गाळतं. पण जाळ्याने लेन्स झाकली तर त्यालाही माणूस दिसत नाही. पावसाळ्यात लेन्स पुसत राहायलाच हवी.

इंटरनेट गेलं की सगळं ठप्प, असंही नाही. ओळख कॅमेऱ्यातच किंवा रेकॉर्डरमध्ये होत असेल तर सायरन वाजतो. मोबाईलवरचा निरोप तेवढा अडतो. वीज गेली तर मात्र यूपीएस लागतो.

कॅमेरा लावला म्हणजे झालं, हा समज सर्वांत महागात पडतो. 2017 मध्ये जुईनगरला चोरांनी जवळच्या गाळ्यातून भुयार खणून बँकेचे लॉकर फोडले. कॅमेरा वळवलेला असतो तिथलंच पाहतो. लॉकरखोलीला, तिजोरीला कंपन टिपणारा सेन्सर वेगळा बसवा.

बसवणाऱ्याला पैसे चुकते करण्याआधी, अंधार पडल्यावर, अलार्मसाठी लावलेल्या वेळेत स्वतः कुंपणापासून दारापर्यंत चालून पाहा: उभ्याने, वाकून आणि छत्री घेऊनही. जिथे अलार्म वाजला नाही, तिथला कॅमेरा त्याच्याकडून बदलून घ्या.