कुंभारवाड्याचं अंगण

मुलांनो, दिवाळी संपली की दारातली एखादी पणती पुसून हातात घ्या आणि उलटी करून पाहा. ती चाकावर घडवलेली असेल, तर तिच्या बुडाशी शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेघा दिसतील. फिरत्या चाकावरच्या मातीच्या गोळ्यापासून कुंभाराने ती दोऱ्याने कापून अलगद उचलली, त्याची ही खूण!

मुंबईसारख्या गजबजलेल्या शहरात अशा पणत्या घडतात, हे खरं वाटतं का? पण घडतात, आणि त्याही धारावीत. तिथल्या वस्तीचं नाव कुंभारवाडा. इथल्या बहुतेक कुटुंबांचे पूर्वज गुजरातमधल्या सौराष्ट्रातून पोटासाठी मुंबईला आले. ते स्वतःला प्रजापती म्हणवतात. घरात गुजराती बोलतात आणि गिऱ्हाइकाशी मराठी, हिंदी. १९३०च्या दशकात ते धारावीत वसले. तेव्हा धारावी म्हणजे कोळ्यांचं गाव, खाडी आणि दलदल. शहराचं अगदी टोक! मग शहर वाढत गेलं, आणि जे टोक होतं ते आज मुंबईच्या मधोमध आलं आहे.

आता तिथलं काम कसं चालतं ते पाहू. माती ट्रकने बाहेरून येते. ती भिजवायची, खडे काढायचे, मग पायांनी तुडवून लोण्यासारखी मऊ करायची. मातीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी मेहनत फुकट. चाक आता बहुतेक ठिकाणी विजेवर फिरतं, पण बोटांचं काम बोटांनीच करावं लागतं. मोठा माठ तर नुसत्या चाकावर पुरा होतच नाही. तो थोडा वाळला की आतून दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकून त्याला गोलाई आणायची. हेच थापटणं घेऊन संत गोरोबाकाकांनी संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच!

मग वाळवण. भांडं सावलीत हळूहळू वाळवावं लागतं. घाई केली तर तडा जातो. ओलं राहिलं तर भट्टीत आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं.

आणि शेवटी भट्टी. ती असते अंगणात, विटांची, वरून उघडी. चिंध्या, कापसाचा कचरा, लाकडाचा भुसा हे तिचं जळण. सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सियसला मातीच्या कणांत घट्ट बसलेलं पाणीसुद्धा निघून जातं, आणि मग त्या मातीचा पुन्हा कधीच चिखल होत नाही. घरी करून पाहा: मातीचा वाळलेला गोळा आणि फुटक्या माठाची खापरी एका वाटीत पाण्यात ठेवा. तासाभराने कोण विरघळलं? खापरीला असंख्य बारीक छिद्रं असतात. त्यांतूनच माठातलं पाणी पाझरतं, बाहेर त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. विजेचं बिल शून्य!

आता कुंभारवाड्यातलं घर डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला रस्ता आणि दुकान, दुसऱ्या बाजूला भट्टीचं अंगण, मध्ये राहायची जागा. चाकावर बहुधा पुरुष बसतात. माती तयार करणं, रंग देणं, भट्टी रचणं यांत बायकांचा वाटा फार मोठा. एकेक भट्टी चार-चार घरं मिळून वापरतात. म्हणजे माठ एका कुंभाराच्या नावावर विकला जात असला, तरी त्याच्यामागे अख्खी आळी असते.

आणि खरी काळजी इथेच आहे. २००४ मध्ये सरकारने धारावीच्या पुनर्विकासाची योजना जाहीर केली. ती वर्षानुवर्षं रखडली, मग २०२२ मध्ये नव्याने निविदा निघाल्या. दाटीवाटीच्या वस्तीत पक्कं घर, नळ, संडास हवेतच. त्यात वाद नाही. पण दहाव्या मजल्यावर भट्टी कशी लावणार? शंभर ओले माठ कुठे वाळवणार? कुंभाराला फक्त खोली दिली आणि अंगण दिलं नाही, तर त्याचं घर राहील, पण धंदा जाईल.

दुसरी बाजूही पाहायला हवी. चिंध्यांच्या धुराने कुंभारांचे डोळे चुरचुरतात, मुलांना आणि म्हाताऱ्यांना खोकला लागतो. शेजारी तक्रार करतात, ती खोटी नाही. गॅसच्या भट्टीत धूर खूपच कमी होतो. मात्र तिचा खर्च एकट्यादुकट्या कुंभाराला झेपणं कठीण. सामाईक अंगणात सामाईक गॅसभट्टी असा मार्ग निघू शकतो. म्हणजे पुन्हा अंगण आलंच!

पालकांनाही एक सांगणं. संक्रांतीची सुगडं, नवरात्रातला घट, उन्हाळ्यातला माठ आपण घेतोच. घेताना पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करण्यापूर्वी मुलांना माठावर टिचकी मारायला सांगा. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का भाजलेला. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे किंवा भाजणी कच्ची आहे. मग मुलांना विचारा, या खणखणीत आवाजाला किती हात लागले असतील? मोजू द्या त्यांना. माती तुडवणाऱ्यापासून सुरुवात करा.